शुश्रूषा केंद्रातून घरी येणाऱ्या माजी सैनिकाच्या मनाची काळजी कशी घ्यावी?

प्रश्न : कोरेगाव तालुक्यातील एक सून

माझे सासरे मराठा लाइट इन्फन्ट्रीमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले असून त्यांचे वय ७२ आहे. पक्षाघातानंतर सात महिने ते पुण्यातील एका शुश्रूषा केंद्रात होते आणि येत्या पंधरवड्यात त्यांना गावी आणायचे आहे. केंद्राने दिलेल्या कागदांत रक्तदाबाच्या गोळ्या, व्यायाम, पथ्य, चाकाची खुर्ची असे सगळे लिहिले आहे. परंतु गेले दोन महिने आबा रात्री अडीच वाजता जागे होतात, ताट तसेच सारून देतात आणि आम्ही भेटायला गेलो की भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, याविषयी त्यात एक ओळही नाही. मागच्या रविवारी ते म्हणाले, "मला घरी नेऊन काय करणार? तिथे मी कोणाच्या उपयोगाचा?" हे उपचार ईसीएचएसच्या (माजी सैनिकांसाठीच्या आरोग्य योजनेच्या) कार्डावर होतात का? आणि मनाच्या डॉक्टरांचे नाव काढताच "मी वेडा नाही" असे म्हणून विषय तोडणाऱ्या माणसाला तयार कसे करावे?

उत्तर १ : निवृत्त नायब सुभेदार, सातारा

ताई, होय, मानसोपचारही ईसीएचएसमध्ये बसतात. आबा घरी येण्याची वाट पाहू नका. केंद्रातील डॉक्टरांकडून झोप, भूक आणि बोलणे यांविषयीचे निरीक्षण लेखी मागून घ्या व तो कागद घेऊन ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये (दवाखान्यात) मानसोपचारतज्ज्ञांसाठी रेफरल, म्हणजे शिफारसपत्र, मागा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मनोरुग्णालयातून सुटी देताना पुढील उपचारांची आखणी रुग्णाशी व घरच्यांशी बोलून करावी लागते. शुश्रूषा केंद्राला ते कलम लागू नसले, तरी आपण तशी आखणी मागण्यात गैर काहीच नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील कल्याण संघटकांनाही कळवून ठेवा. रात्री-अपरात्री गरज पडली तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक विनाशुल्क असून तेथे मराठीत बोलता येते.

डॉक्टरांकडे नेताना "मनाचा आजार" हा शब्द आधी नको. "झोप लागत नाही, त्यासाठी दाखवू" एवढेच सांगा. ते खरेही आहे, आणि आमच्या पिढीच्या जवानाला झोपेची तक्रार सांगायला कमीपणा वाटत नाही.

उत्तर २ : मानसोपचार विभागातील परिचारिका, मिरज

पक्षाघातानंतर साधारण तीनपैकी एका रुग्णाला नैराश्य येते. मेंदूला झालेली इजा आणि हातून गेलेली कामे, दोन्ही त्याला कारणीभूत असतात, म्हणून "मन घट्ट करा" असे सांगून ते जात नाही. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरे वाटले म्हणून, त्या आपल्या मनाने थांबवू नयेत. ज्येष्ठांमध्ये या गोळ्यांपैकी काहींमुळे रक्तातील सोडियम उतरू शकते, तेव्हा सुस्ती किंवा गोंधळलेपणा वाढला तर तपासणी करून घ्यावी. झोपेची गोळी मात्र दुकानातून परस्पर आणून देऊ नका. तोल आधीच गेलेला असताना रात्री पडण्याचा धोका त्याने वाढतो.

"मी कोणाच्या उपयोगाचा" हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जगणे नकोसे वाटते का, स्वतःचे काही बरेवाईट करावेसे वाटते का, हे त्यांना शांतपणे, सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर "होय" असेल, तर त्यांना एकटे न सोडता त्याच दिवशी दवाखाना गाठा. आपल्या भागात निवृत्तीनंतर बँकेत सुरक्षारक्षकाची नोकरी करण्यासाठी अनेकांनी परवान्याची बंदूक घेतलेली असते. ती घरात असल्यास आबा येण्यापूर्वीच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची चौकशी करा. शेतीची औषधेही कुलपात ठेवा.

उत्तर ३ : खटाव तालुक्यातील एक मुलगा

माझे वडीलही असेच परतले होते आणि आम्ही प्रेमापोटी मोठी चूक केली. पाण्याचा तांब्याही त्यांना उचलू दिला नाही. "तुम्ही बसा, आम्ही करतो" हे वाक्य दिवसातून वीस वेळा ऐकून ते पूर्ण गप्प झाले. केंद्रात त्यांना पहाटेची वेळ, व्यायामाची वेळ, शेजारच्या खाटेवरचे सोबती होते. घरी आल्यावर जणू दुसऱ्यांदा निवृत्ती मिळाली. पुढे उपचार सुरू झाले, आणि त्यासोबत मी विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांची वही त्यांच्या हाती दिली. डाव्या हाताने ते वेडेवाकडे लिहितात, पण पाळी चुकली तर भावकीतील माणसे आता त्यांनाच विचारायला येतात. गावातील दोन माजी सैनिक संध्याकाळी तासभर येऊन बसतात. अजूनही काही दिवस ते जेवत नाहीत. तेव्हा आम्ही आग्रह न करता ताट झाकून ठेवतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची ऋणी आहे. आबांची बारा बोरची बंदूक माडीवरच्या कपाटात आहे, हे मिरजेच्या ताईंचे उत्तर वाचेपर्यंत आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. उद्या सकाळी माझे यजमान परवाना घेऊन पोलीस ठाण्यात जात आहेत, आणि मी केंद्रातील डॉक्टरांकडे लेखी निरीक्षण मागणार आहे.