रोज तासभर रियाज होतो, तरी हात पुढे सरकत नाही. नेमके काय चुकते आहे?

ठेका४६ (प्रश्न)

माझे वय ४६ असून गेली सहा वर्षे मी तबला शिकत आहे. गुरुजींकडे आठवड्यातून एकदा शिकवणी असते आणि घरी रोज सकाळी सहा ते सात रियाज असतो, ज्यात सहसा खंड पडत नाही. तरीही गेली दोन वर्षे हात जिथे होता तिथेच आहे. ‘धाधा तिरकिट धाधा तुंना’ हा कायदा (तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना) बरोबरीत (मूळ लयीत) आणि दुपटीत स्वच्छ वाजतो, परंतु मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून चौपट धरली की तिरकिट विस्कटते आणि पुढचे पलटे (त्याच बोलांची फिरवलेली रूपे) कसेबसे समेपर्यंत (तालाच्या पहिल्या मात्रेपर्यंत) न्यावे लागतात.

व्यायामातही हाच अनुभव आहे. तीन वर्षांपासून रोज २४ सूर्यनमस्कार घालतो, पण जोर मारायला गेलो की आठव्यालाच दंड थरथरू लागतात. वेळ देण्यात मी कमी पडत नाही, म्हणून सरावाच्या पद्धतीत काही दोष आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

डग्गा_उजवा

मी पंचवीस वर्षे तबला शिकवतो. ‘तिरकिट विस्कटते’ असे तुम्ही लिहिले आहे, परंतु त्यातले कोणते अक्षर विस्कटते ते लिहिलेले नाही. ते तुम्हाला सांगता येत नसेल, तर रोजच्या तासाभरात तुम्ही त्या चुकीवरून फक्त पुढे जात आहात. कायदा अथपासून इतिपर्यंत वाजवला की चांगला भाग आणखी चांगला होतो, आणि बिघडलेला भाग त्याच बिघाडासह पक्का होतो.

फोनवर दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण करा आणि ते अर्ध्या गतीने ऐका. दिल्लीच्या पद्धतीत ‘ति’ मधल्या बोटाने शाईवर (तबल्यावरच्या काळ्या वर्तुळावर), ‘र’ तर्जनीने, ‘कि’ डाव्या हाताने डग्ग्यावर आणि ‘ट’ पुन्हा मधल्या बोटाने वाजतो. बहुतेक विद्यार्थ्यांचा ‘र’ खाल्ला जातो, कारण तर्जनी आधीच्या ‘धा’साठी चाटेवर (तबल्याच्या कडेच्या पट्टीवर) गेलेली असते आणि शाईवर परतताना तिला उशीर होतो. काहींचा ‘कि’ घाईने पडतो आणि त्यामुळे चारही अक्षरांमधले अंतर बिघडते. तुमचे नेमके काय होते, ते कानाने पकडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दोष सापडल्यावर संपूर्ण कायदा काही दिवस बाजूला ठेवून फक्त ‘धा तिरकिट’ एवढाच तुकडा घ्या. ‘धा’ सोडू नका, कारण अडचण बहुधा चाटेवरून शाईकडे येतानाच असते. मेट्रोनोम अशा गतीवर ठेवा की प्रत्येक अक्षर वेगळे ऐकू येईल, मग ती गती ४४ असली तरी चालेल, आणि पाच मिनिटे सलग स्वच्छ वाजले तरच दोन अंकांनी वाढवा. बिघडले की लगेच मागे या. हात लावण्याआधी टाळीवर पढंतही करा, म्हणजे बोल तोंडाने म्हणा, कारण तोंडात जे अडखळते ते बोटांतही अडखळतेच. हे काम कंटाळवाणे वाटेल आणि पंधरा-वीस मिनिटांत लक्ष थकेल. तसे झाल्यास उठावे, आणि उरलेल्या वेळात हवे ते मनसोक्त वाजवावे, कारण त्या आनंदाशिवाय माणूस सहा वर्षे टिकत नाही.

पहाटेचा_आखाडा

तबल्यातले मला कळत नाही, म्हणून सूर्यनमस्कारांपुरते लिहितो. शरीर पडलेल्या भाराशी जुळवून घेते आणि मग तोच भार त्याला आव्हान वाटत नाही. तीन वर्षे त्याच गतीने घातलेल्या २४ नमस्कारांनी तुमचा दम आणि लवचीकता टिकवली असेल, आणि तेही मोलाचे आहे, परंतु दंडाला नवे काम मिळालेले नाही.

अष्टांगासनात (नमस्कारातील छाती आणि गुडघे टेकण्याच्या स्थितीत) उतरताना स्वतःकडे नीट पाहा. गुडघे टेकून छाती जमिनीकडे सोडून दिली जात असेल, तर जोर मारताना लागणारी ताकद ज्या क्षणी घडायची, नेमका तोच क्षण निसटतो. आठवड्यातून तीन दिवस पहिले सहा-आठ नमस्कार असे घाला की छाती खाली आणताना मनात तीन अंक मोजून होतील आणि कोपरे अंगालगत राहतील. जोर मात्र आधी पलंगाच्या कडेवर किंवा ओट्यावर हात टेकवून मारा. तिथे दहा नीट झाले की अधिक बुटका आधार घ्या आणि असे करत जमिनीवर या. जागतिक आरोग्य संघटनेनेही प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम श्रमाबरोबर दोन दिवस स्नायूंच्या बळाचा व्यायाम वेगळा सांगितला आहे. खांद्यात कळ आली तर थांबून डॉक्टरांना दाखवावे, कारण थकवा आणि दुखणे यांत फरक आहे.

वाचनवेडी_पुणे

वरच्या दोन्ही उत्तरांमागे एकच तत्त्व आहे. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांनी दोन सहकाऱ्यांसह बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, जो १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. ठरावीक दोष समोर ठेवून, लगेच प्रतिसाद मिळेल अशा रीतीने एकट्याने केलेला सराव त्यांना महत्त्वाचा वाटला, आणि असा सराव थकवणारा असल्याने दिवसाकाठी मर्यादितच होतो, हेही त्यांनी मांडले. त्यातूनच पुढे दहा हजार तासांचा आकडा लोकप्रिय झाला. तो मूळ अभ्यासातला सरासरीचा आकडा होता, सर्वांना लागू पडणारी अट नव्हती. शिवाय २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर, संगीतातील कौशल्याच्या फरकापैकी सुमारे २१ टक्के फरकच अशा सरावाशी जोडता आला. म्हणून दुसऱ्याच्या गतीशी तुलना करून स्वतःला दोष देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

माझा मुद्दा सवयीबद्दल आहे. सवय म्हणजे लक्ष न देता होणारी कृती आणि सराव म्हणजे लक्ष देऊनच होणारी. तुमच्याकडे पहिली गोष्ट उत्तम आहे आणि तिनेच दुसरीची जागा घेतली आहे. सहा वाजता तबल्यापुढे बसणे आपोआप व्हावे, पण बसल्यावर आज कोणता तुकडा घ्यायचा, ते आदल्या रात्री वहीत लिहून ठेवावे. लंडनमधील एका विद्यापीठात ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, परंतु व्यक्तीव्यक्तींत १८ ते २५४ दिवस इतके अंतर होते, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. तेव्हा नव्या पद्धतीला दोन-तीन आठवड्यांत फळ मागू नका.

ठेका४६

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. ध्वनिमुद्रण ऐकल्यावर कळले की ‘र’ वेळेवर पडतो, पण ‘कि’ इतका लवकर येतो की ‘र’ आणि ‘कि’ एकमेकांना चिकटतात. हा दोष दोन वर्षांत मला एकदाही ऐकू आला नव्हता. ४४ पासून सुरुवात करून आता ५२ वर ‘धा तिरकिट’ स्वच्छ वाजते. नमस्कारांत तीन अंक मोजू लागल्यापासून सहाव्यालाच दम लागतो. ५२ च्या पुढे गेल्यावर मात्र डाव्या मनगटात ताठरपणा येतो. त्याचे काय करावे?

डग्गा_उजवा

ताठरपणा आला की गती वाढवू नका आणि मनगट डग्ग्याच्या कडेवर दाबून धरलेले नाही ना, ते आरशात पाहा. तळहात वर उचलून आपटत असाल तर उंची कमी करा, कारण ‘कि’ला जोर लागत नाही, पंजा सपाट आणि सैल पडावा लागतो. पुढच्या शिकवणीला हेच ध्वनिमुद्रण घेऊन जा आणि गुरुजींना फक्त डावा हात पाहायला सांगा. मनगटाची जी ठेवण त्यांना शेजारी बसून एका नजरेत दिसेल, ती मला इथून लिहून सांगता येणार नाही.