सावलीतल्या बॅकयार्डात कोलंबाइन: बी उगवत नाही, पानांवर पांढऱ्या रेघा

रानजाई (न्यू जर्सी):
नमस्कार मंडळी, आमच्या मागच्या अंगणात दोन मोठे मेपल आहेत, मे उजाडला की ऊन जवळजवळ संपतंच, झेंडू-गुलाब सगळं करून झालं, काही टिकलं नाही. म्हणून मागच्या वसंतात इथली देशी कोलंबाइन, ती लाल-पिवळी खाली मान घालून लटकते ना, त्या फुलझाडाची तीन रोपं लावली. भरपूर कंपोस्ट घातलं. फुलं आली पण झाडं उंच वाढून लुळी पडली आणि जूनमध्ये पानांवर नागमोडी पांढऱ्या रेघा आल्या. ऑक्टोबरमध्ये बी पेरलं, अर्धा इंच खाली, वर जाड मल्च म्हणजे आच्छादन, अजून एकही उगवलं नाहीये. काय चुकतंय? लेकीला या फुलांवर येणारा चिमुकला हमिंगबर्ड पक्षी दाखवायचाय हो.

पाचोळा (पेनसिल्व्हेनिया):
बी झाकलंत तिथेच घोळ झाला! या बीला उगवायला उजेड लागतो. नुसतं मातीवर भुरभुरायचं, तळहाताने दाबायचं, बस. थंडीही लागते म्हणून थंडीच्या आधी टाकायचं, नाहीतर ओल्या कागदात गुंडाळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवायचं. आणि घाई नको, पहिल्या वर्षी नुसती पानंच येतात, फुलं दुसऱ्या वर्षी. फूल खाली लटकतं पण बोंड वर तोंड करून उभं राहतं, ते तपकिरी होऊन टोकाला उघडलं की हलवून बघा, आत बी खुळखुळतं, मोहरीपेक्षा बारीक, काळं चकचकीत. मी ते तिथेच झटकते.

माळीबुवा:
रेघा म्हणजे नागअळी, आपल्याकडे लिंबाच्या पानावर दिसतात तशाच. अळी पानाच्या आत असते त्यामुळे वरून फवारून उपयोग नाही आणि हमिंगबर्ड यायला हवा असेल तर फवारूच नका. फुलं संपली की खराब पानं खालपासून कापून टाका, नवीन फुटतात. कंपोस्ट बंद करा ताई. हे मूळचं खडकाळ जंगलातलं झाड, निचऱ्याची हलकी माती त्याला पुरते, जास्त खाऊ घातलं की लुळं पडतं. तुमची सावली मात्र अगदी बरोबर आहे, मेपलला पानं फुटायच्या आधीचं ऊन त्याला मिळतं. फक्त मेपलची मुळं पाणी ओढून घेतात, तेव्हा पहिल्या वर्षी पाणी द्या. एक झाड तीन-चार वर्षंच जगतं, पुढची पिढी पडलेल्या बियांतून येते, त्यामुळे खुरपताना जपून.

निळाई (डेन्व्हर):
आमच्याकडची निळी-पांढरी, ती १८९९ पासून कोलोरॅडोचं राज्यफूल आहे. पण मोह झाला तरी तिकडे ती लालच्या शेजारी लावू नका, दोघींचा संकर होतो आणि मग बियांतून लाल येईलच असं नाही. रोप घेताना लेबलवर अ‍ॅक्विलेजिया कॅनाडेन्सिस, हे त्या लालचं शास्त्रीय नाव, वाचूनच घ्या, मी एकदा नुसतं कोलंबाइन बघून घेतलं आणि युरोपातलं जांभळं निघालं, फार वाईट वाटलं होतं.

रानजाई:
सगळ्यांचे खूप आभार! आत्ताच जाऊन मल्च बाजूला केला. कडेच्या दगडांच्या फटीत, जिथे मल्च नव्हताच, तिथे तीन-तीन पानांची चार-पाच बारकी रोपं दिसतायत. आंबुशी तर नाही ना?

पाचोळा:
पान नीट बघा. आंबुशीचं प्रत्येक पान बदामी आकाराचं असतं, कोलंबाइनच्या पानाला टोकाकडे गोलसर खाचा असतात.

रानजाई:
खाचा आहेत!!