सक्ती उठली, पण कुलरकडे बघा

"पाणीकपात मागे घेतली की लोक पुन्हा पाइप लावून अंगण धुतील, सक्तीच बरी" असं पाणीबचतीच्या या चर्चेत कुणी म्हटलंय, ते मला अर्धंच पटतं. २०१९ च्या जुलैत नागपूरला पाणी देणारं तोतलाडोह धरण आटलं आणि नागपुरात एक दिवसाआड पाणी सुरू झालं, तेव्हा आमच्या गल्लीत पाणी वाचलं नाही, नुसतं साठलं. पाण्याचे गुंड, ड्रम, बादल्या, पिठाचे रिकामे डबेसुद्धा काठोकाठ. नळ आला की कालचं 'शिळं' पाणी मोरीत ओतायचं आणि ताजं भरायचं. त्यात नळाला टिल्लू पंप, म्हणजे पाणी ओढून घेणारी छोटी मोटर लावणारे, मग टोकाच्या घरात धार करंगळीएवढी. फार वाईट वाटायचं बघून. पुढे पाऊस झाला, कपात उठली आणि ही ओताओत आपोआप थांबली.

आता मनानेच बचत करायची तर नागपूरकराच्या हातात सगळ्यात मोठी गोष्ट कुलर आहे, आणि त्यावर इथे कुणीच बोललं नाही. आमच्या कुलरचा फ्लोट, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा, अडकला होता, पाणी रात्रभर मागच्या भिंतीवरून वाहत होतं. भिंतीवर हिरवं शेवाळ दिसलं तेव्हा कळलं. फ्लोट बदलला, तर छतावरची टाकी दुपारऐवजी रात्रीपर्यंत पुरायला लागली. आणि धरण भरलं म्हणून निर्धास्त होऊ नका. तोतलाडोह ज्या पेंच नदीवर आहे, तिच्यावरच वरच्या बाजूला, मध्य प्रदेशात चौराई धरण आहे. कमी पावसाच्या वर्षी पाणी आधी तिथे अडतं, मग उरलेलं तोतलाडोहात येतं. मार्चमध्ये कुलर काढाल तेव्हा खसच्या ताट्यांबरोबर फ्लोटही तपासा.