मदत हवी आहे: लोणार सरोवराच्या विकिपीडिया लेखावर चौघं काम करतोय, एकमेकांचंच लिखाण पुसलं जातंय

नमस्कार मंडळी,

मी मूळची मेहकरची, लोणारला मामा, त्यामुळे लहानपणी सुट्टीत तिथल्या गोमुखाच्या झऱ्याच्या धारेवर अंघोळ ठरलेली. आता आम्ही चौघांनी मराठी विकिपीडियावरचा लोणार सरोवराचा लेख नीट भरीव करायचं मनावर घेतलंय. माझे भूगोलाचे सर, मावसबहीण, फोटो काढणारा एक मित्र आणि मी. पण पंधरा दिवसांत नुसता गोंधळ झालाय.

रविवारी रात्री मी पाण्याच्या रंगाबद्दल लिहीत होते, २०२०च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं ना ते, मग पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया सूक्ष्मजीवांमुळे झालं असं सांगितलं, हे सगळं संदर्भासकट तासभर बसून लिहिलं आणि सेव्ह करायला गेले तर तेवढ्यात सरांनीही पान बदललेलं, त्यामुळे समोर दोन चौकटी, एकीत सरांचं एकीत माझं. घाबरून सरांचं ठेवलं, माझं गेलं. ते परत मिळेल का?

दुसरं, बहिणीने एका वर्तमानपत्रातले तीन परिच्छेद जसेच्या तसे चिकटवले आणि त्याच फेरीत शुद्धलेखनही सुधारलं. कुणीतरी सगळंच उलटवलं, म्हणजे पान आधीसारखं केलं, चांगल्या दुरुस्त्याही गेल्या. ती फार हिरमुसलीये.

आणि तिसरं, विवराचं वय, म्हणजे आकाशातून दगड आदळून सरोवराचा हा खड्डा कधी पडला ते. सर ५० हजार वर्षं लिहितात, मित्र ते खोडून ५ लाख ७० हजार करतो. दोघांकडे संदर्भ आहेत. आता दोघं एकमेकांशी बोलत नाहीयेत हो, याचंच जास्त वाईट वाटतं.

शिवाय आई सांगते ७२च्या दुष्काळातही गोमुखाची धार आटली नव्हती. हे लेखात घालता येईल का?

प्रतिसाद १
ताई, पानाच्या इतिहासात (जुन्या आवृत्त्यांच्या यादीत) फक्त सेव्ह झालेलं राहतं, त्यामुळे तुमचं तिथे सापडणार नाही. त्या वेळी ब्राउजरमध्ये बॅक केलं असतं तर कदाचित मिळालं असतं. पुढच्या वेळी दोन चौकटी आल्या की आधी आपला मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये ठेवा. मोठं लिखाण आपल्या धूळपाटीवर (स्वतःच्या कच्च्या लिखाणाच्या पानावर) करा, अख्खं पान न उघडता तेवढाच विभाग संपादित करा. कामाला बसण्याआधी वर कामचालू साचा, म्हणजे काम चालू असल्याची पाटी, लावा म्हणजे बाकीचे थांबतात. बहिणीच्या दुरुस्त्या मात्र इतिहासात बघून पुन्हा करता येतील. शुद्धलेखन वेगळं सेव्ह करायचं, नवा मजकूर वेगळा, म्हणजे एक उलटवलं तरी दुसरं टिकतं.

प्रतिसाद २
वयावरून भांडू नका, दोन्ही आकडे लिहा. विवरातल्या काचेसारख्या तुकड्यांवर थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने (तापवल्यावर निघणारा प्रकाश मोजून) साधारण ५२ हजार वर्षं आलं, नंतर २०११मध्ये आर्गॉन पद्धतीने (त्यात साठलेला आर्गॉन वायू मोजून) ५ लाख ७० हजारच्या आसपास आलं. कुठला आकडा कुठल्या पद्धतीचा ते सांगितलं की झालं, खरं कुठलं ते आपण ठरवायचं नाही. आणि हे लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर मांडा, व्हॉट्सॲपवर नको, सहा महिन्यांनी पाचवा माणूस येईल त्याला कळायला हवं ना आकडा असा का आहे.

बहिणीला रागावू नका. विकिपीडियावरचा मजकूर कुणीही, अगदी धंद्यासाठीसुद्धा वापरू शकतं, मग दुसऱ्याच्या मालकीचं लिखाण तिथे कसं चालेल? माहिती कुणाच्या मालकीची नसते, शब्द असतात. बातमी वाचा, बंद करा, मग आपल्या शब्दांत लिहा.

आईंची आठवण मोलाची आहे पण प्रसिद्ध झालेल्या विश्वासार्ह आधाराशिवाय लेखात जाणार नाही. बुलढाण्याचं गॅझेटिअर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) किंवा त्या वर्षीची वर्तमानपत्रं ग्रंथालयात चाळून बघा. आणि मित्राने फोटो स्वतःच्या खात्यावरून कॉमन्सवर (विकिपीडियासाठीच्या फोटोंच्या भांडारात) चढवावेत, तुम्ही त्याच्या वतीने नको.

धागाकर्ती
खूप खूप आभार दोघांचे. चर्चा पानावर दोन्ही आकडे मांडले, सरांनी लगेच खाली उत्तर दिलं आणि मित्रानेही, आठवड्यात पहिल्यांदा बोलले. रंगाचा भाग धूळपाटीवर परत लिहायला घेतलाय. गॅझेटिअरसाठी शनिवारी ग्रंथालयात जातेय, आईला पण नेणार आहे.

आता सरांचा नवा प्रश्न, लेखात उल्काविवर म्हणायचं की अशनी विवर? ते म्हणतात जमिनीपर्यंत पोचतो तो अशनी, उल्का वाटेतच जळते. पण लोणारला तर सगळे उल्काच म्हणतात. कुणी सांगेल का?