कायदा आहे, फक्त नाव वेगळं

'आपल्याकडे कार्बन उत्सर्जन कमी करणारा कायदाच नाही' असं वर दोघा-तिघांनी म्हटलंय. ब्रिटनच्या 2008 च्या कायद्यासारखा, एकूण उत्सर्जनावर मर्यादा घालणारा स्वतंत्र कायदा नाही, हे मान्य. पण 2001 चा ऊर्जा संवर्धन कायदा आहे की! 2022 च्या दुरुस्तीने त्यात कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे उद्दिष्टापेक्षा कमी उत्सर्जन केल्याबद्दल मिळणाऱ्या प्रमाणपत्रांच्या, व्यापाराची सोय झाली. मेख अशी की त्यातली उद्दिष्टं 'एक टन मालामागे किती कार्बन' अशी आहेत. सिमेंट कारखान्याने दर टनामागचा कार्बन थोडा घटवला आणि उत्पादन दीडपट केलं, तर एकूण उत्सर्जन वाढूनही तो नियमात बसतो.

बाकी हा कायदा आपल्या घरातही चिकटवलेला असतो. एसीवरचे स्टार त्यातूनच आले. जुलै 2022 मध्ये निकष कडक झाले आणि आधीचा पाच स्टारवाला चारवर घसरला. त्यानंतर मी एसी घ्यायला गेलो, तर दुकानदार जुनंच लेबल दाखवून 'फाइव्ह स्टार आहे साहेब' म्हणत होता. लेबल कोणत्या काळासाठी आहे ते त्यावरच बारीक अक्षरात छापलेलं असतं. त्यावर बोट ठेवल्यावर गडी मुकाट दीड हजाराने खाली आला.