कूट्स बँकेची तीन शतकं: मालकाचं घरदार पणाला नसेल तर श्रीमंतांची पेढीसुद्धा बिघडते

मांडवीकर:
लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर १६९२ साली जॉन कॅम्पबेल नावाच्या स्कॉटिश सोनाराने दुकान थाटलं, त्याचीच पुढे कूट्स बँक झाली. राजघराण्याची बँक म्हणून ती जगभर ओळखतात. तिच्या मालकीचा इतिहास वाचून माझं एक मत पक्कं झालं आहे, ते चर्चेला ठेवतो. ज्या पेढीत मालकाची स्वतःची मालमत्ता अडकलेली असते, तीच ग्राहकाला नीट सांभाळते. मालक गेला आणि दूरचे भागधारक आले, की ग्राहक म्हणजे विक्रीचं टार्गेट. मग तो करोडपती असला तरी.

कॅम्पबेलच्या नातीशी जेम्स कूट्सने १७५५ मध्ये लग्न केलं आणि पेढीत त्याचं नाव लागलं. त्याचा धाकटा भाऊ थॉमस हाच खरा बँकर. तो १८२२ मध्ये वारला तोपर्यंत पेढी त्याच्या नजरेखाली चालली. तिसरा जॉर्ज राजा त्याचा खातेदार होता, पण थॉमसने आपल्या जावयाला, सरकारविरोधी राजकारण करणाऱ्या फ्रान्सिस बर्डेटला पैसा पुरवला म्हणून राजाने खातं काढून घेतलं, असं सांगतात. जावई आणि राजा यांत कोणाला सांभाळायचं, हे मालकाने ठरवलं आणि किंमत त्यानेच मोजली.

आता पुढचं पाहा. १९२० मध्ये नॅशनल प्रोव्हिन्शियल बँकेने कूट्स ताब्यात घेतली. ती बँक विलीन होऊन नॅटवेस्ट झाली, नॅटवेस्ट २००० मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने गिळली. २००८ मध्ये ती मोठी बँकच बुडायला आली आणि ब्रिटिश सरकारने सुमारे ४५ अब्ज पौंड ओतून तिला वाचवलं. म्हणजे लॉर्ड-ड्यूकांची बँक सामान्य करदात्याच्या पैशावर उभी राहिली. २०११ मध्ये कूट्सला ६३ लाख पौंड दंड झाला. एआयजी या अमेरिकन विमा कंपनीचा एक फंड ग्राहकांना विकताना त्यातली जोखीम नीट सांगितली नव्हती. पुढच्याच वर्षी ८७.५ लाखांचा दंड, कारण राजकारणातल्या बड्या परदेशी ग्राहकांचा पैसा कुठून येतो याची पुरेशी तपासणीच झाली नव्हती.

शेजारच्या फ्लीट स्ट्रीटवर होअर बँक आहे. १६७२ ची. आजही तेच कुटुंब मालक, आणि भागीदारांची जबाबदारी अमर्याद. बँक बुडाली तर त्यांची घरंदारं जातील. ती बँक कोणी गिळली नाही, आणि करदात्याला तिला वाचवावं लागलं नाही.

हा विषय बडोद्यात का काढतो? आयपीसीएल, जीएसएफसी यांसारख्या मोठ्या कारखान्यांतून आणि रिफायनरीतून निवृत्त झालेली आपली माणसं आणि गोत्री-भायलीकडे जमिनी विकलेली कुटुंबं, यांच्यासाठी रेसकोर्स-अलकापुरी पट्ट्यात प्रत्येक बँकेने काचेची केबिन उघडली आहे. आत चहा येतो, गोड बोलणारा मुलगा येतो आणि सहीसाठी कागद येतात. त्या कागदावरचा सल्ला चुकला तर कोणाचं काय जातं, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

फतेगंज:
साफ असहमत. मी राष्ट्रीयीकृत बँकेत आयुष्य काढलं आहे, त्यामुळे पेढीवाल्या मालकाचं हे गुणगान मला सहन होत नाही.

अमर्याद जबाबदारीचं खरं रूप बघायचं असेल तर ग्लासगोला चला. ऑक्टोबर १८७८ मध्ये सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. तिचे भागधारक १८१९, सगळ्यांची जबाबदारी अमर्याद. संचालकांनी खोटे ताळेबंद काढले होते, ते तुरुंगात गेले. पण भरपाई कोणी केली? ज्यांनी चार शेअर घेऊन ठेवले होते त्यांनी, आणि त्यांत विधवा होत्या, छोटे दुकानदार होते. शेवटी १८१९ पैकी फक्त २५४ जण दिवाळखोरीतून वाचले. गुन्हा वरच्यांचा, घरं गेली खालच्यांची. त्यानंतर ब्रिटनमधल्या बँका झपाट्याने मर्यादित जबाबदारीकडे वळल्या, त्या काही ग्राहकाला लुबाडायला नव्हे.

आणि आपल्या गावाचं काय? सयाजीरावांनी २० जुलै १९०८ ला बँक ऑफ बडोदा काढली ती संस्थानाच्या १८९७ च्या कंपनी कायद्याखाली. भरणा झालेलं भांडवल १० लाख. महाराजांना मनात आणलं असतं तर खासगी पेढी काढता आली असती, सावकारांची इथे काय वाण होती? त्यांनी मुद्दाम कंपनी काढली, हिशेब लोकांपुढे येतील अशी. १९१३ ते १९१७ या काळात देशात ८७ बँका बुडाल्या, ही टिकली. १९६९ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं आणि मग ती पादरा-डभोईच्या शेतकऱ्यापर्यंत पोचली. होअर कुटुंबाची बँक किती शेतकऱ्यांना कर्ज देते ते सांगा.

खंडेराव मार्केट:
श्रीमंतांचे पैसे बुडाले काय आणि तरले काय, आपण का डोकं शिणवायचं? त्यांच्याकडे वकील आहेत.

मांडवीकर:
खंडेराव, २००८ मध्ये ते ४५ अब्ज पौंड वकिलांनी दिले नाहीत, तिथल्या नोकरदारांच्या करातून गेले. म्हणून शिणवायचं.

फतेगंजसाहेब, ग्लासगोची गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्या बँकेच्या ठेवीदारांचा पैसा पूर्ण परत मिळाला. का मिळाला? भागधारकांची जबाबदारी अमर्याद होती म्हणून. छोट्या भागधारकाला अमर्याद जबाबदारीत ओढणं अन्यायच होता, त्यावर वाद नाही. मी बोलतो आहे ते कारभार स्वतः चालवणाऱ्या भागीदाराबद्दल. आणि २००८ चा दाखला घ्या. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड ज्यांच्या काळात बुडाली त्या फ्रेड गुडविन यांचं वार्षिक पेन्शन ७,०३,००० पौंड होतं. गदारोळ झाल्यावर ते ३,४२,५०० वर आलं. 'सर' ही पदवी २०१२ मध्ये काढून घेतली. बस, एवढंच. एक अख्खी बँक बुडवून माणूस वर्षाला साडेतीन लाख पौंड घेतो, याला तुम्ही सुधारणा म्हणता?

दांडिया बाजार:
दोघेही लंडन-ग्लासगोला फिरताय. खासगी पेढ्यांचा अनुभव बडोद्याइतका कोणाच्या गाठीशी असणार? आणि तो मांडवीकरांच्या बाजूने जात नाही.

गायकवाडांच्या दरबाराला पैसा पुरवणाऱ्या पेढ्या म्हणजे हरिभक्ती, सामळ बेचर, गोपाळ मैराळ. सगळी घराणी, सगळ्यांची मालमत्ता व्यवहारात अडकलेली. १८०२ च्या सुमारास अरब शिबंदीचा, म्हणजे भाडोत्री सैनिकांचा, थकलेला पगार चुकता करायला दरबाराने कर्ज काढलं, तेव्हा सावकारांनी ईस्ट इंडिया कंपनीची हमी मागून घेतली. तीच बहांदरी. दरबाराने कर्ज फेडलं नाही तर कंपनी बघून घेईल, हे कळल्यावर सावकाराला कसली भीती? कर्ज फुगत गेलं. १८२८ मध्ये मुंबई सरकारने दुसऱ्या सयाजीरावांचे महाल, म्हणजे महसुलाचे परगणे, जप्त केले, सावकारांची देणी फेडण्यासाठी. ते महाल परत मिळाले १८३२ मध्ये. त्या चार वर्षांत सारा भरणाऱ्या कुणब्याला विचारा, खासगी पेढी किती जबाबदार होती ते.

म्हणून माझं म्हणणं असं की मालकी कोणाची यापेक्षा मागे हमी कोणाची, हे आधी बघावं. इंग्लंडमधल्या बेअरिंगचंही तेच. १७६२ ची पेढी, १८९० मध्ये अर्जेंटिनाच्या कर्जात बुडायला आली, तेव्हा ती भागीदारीच होती. बँक ऑफ इंग्लंडने इतर बँकांना गोळा करून हमीचा निधी उभा केला म्हणून वाचली.

दुसरी गोष्ट. मालमत्ता अडकलेली असणं वेगळं आणि कारभार हातात असणं वेगळं. थॉमस कूट्सची नात अँजेला बर्डेट हिला १८३७ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, कूट्समधला मोठा वाटा वारशाने मिळाला. इंग्लंडातल्या सर्वांत श्रीमंत स्त्रियांमध्ये तिची गणना होऊ लागली, पण बँक चालवण्यात तिला हात घालता येत नव्हता. आपल्याकडे हरिभक्ती घराण्यातल्या विधवा वारसदाराचा पेढीच्या मुनीमाशी झालेला तंटा रेसिडेन्सीपर्यंत, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या (रेसिडेंटच्या) कचेरीपर्यंत गेला. रेसिडेंट आउटरॅमने १८५१ मध्ये इथल्या लाचखोरीवर जो खटपटीचा अहवाल मुंबईला पाठवला, त्यात ते प्रकरण आहे. अहवाल पाठवला म्हणून आउटरॅमलाच बडोदा सोडावं लागलं. नावापुरती मालकी बाईची, चाव्या मुनीमाकडे. मांडवीकरदादा, तुमच्या सिद्धांतात या बायका कुठे बसतात?

अलकापुरी आरएम:
मी बँकेचा रिलेशनशिप मॅनेजर (आरएम), त्याच काचेच्या केबिनमध्ये बसतो, म्हणून लिहितो. आम्हाला टार्गेट असतं, हे खरं. महिनाअखेरीला दडपण येतं, हेही खरं. पण जुनी भागीदारी म्हणजे सचोटी हे मला पटत नाही. स्वित्झर्लंडची वेगलिन ही १७४१ ची बँक, भागीदारांची जबाबदारी अमर्याद. अमेरिकन ग्राहकांना कर चुकवायला मदत केल्याचा गुन्हा तिने जानेवारी २०१३ मध्ये कबूल केला आणि २७० वर्षांची पेढी बंद झाली. घरदार पणाला होतं, तरीही केलं.

मोठ्या बँकेत निदान कागद मागे राहतात. २०२३ मध्ये कूट्सने राजकारणी नायजेल फराज यांचं खातं बंद केलं. खात्यात पुरेसा पैसा नाही एवढंच कारण आधी बाहेर आलं. त्यांनी कायद्याने स्वतःची फाइल मागवली, तर सुमारे ४० पानं निघाली आणि त्यांत त्यांच्या राजकीय मतांची चर्चा होती. कूट्सच्या मालक नॅटवेस्ट समूहाच्या (रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड समूहाचं हेच नवं नाव) प्रमुख अ‍ॅलिसन रोझ यांनी जुलैमध्ये राजीनामा दिला, दुसऱ्या दिवशी कूट्सच्या प्रमुखांनीही. तेव्हा समूहात सरकारचा हिस्सा अजून ३९ टक्क्यांच्या आसपास होता, म्हणून मंत्र्यांनाही बोलावं लागलं. पेढीच्या मालकाने खातं बंद केलं असतं तर कोणाचा राजीनामा मागितला असता?

कारेलीबाग:
मी आयपीसीएलमधून निवृत्त. बँकेचं नाव घेत नाही, पण एफडीची मुदत संपली तेव्हा मला अशाच केबिनमध्ये नेऊन विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी घ्यायला लावली. दरवर्षी हप्ता भरायचा आहे, हे घरी येऊन मुलीने कागद वाचले तेव्हा कळलं. पंधरा दिवसांच्या आत परत करता आली म्हणून सुटलो. तुमच्या वादात मला एवढंच विचारायचं आहे की माझ्यासारख्याने सही करण्याआधी काय विचारावं?

फतेगंज:
कारेलीबागकाका, तीन प्रश्न विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या, तोंडी नको. यात तुम्हाला कमिशन किती? पैसे मधेच काढले तर हातात किती येतील? आणि हे बँकेचं उत्पादन आहे की दुसऱ्या कंपनीचं, तुम्ही फक्त विकताय? तिसरा प्रश्न फार जण विसरतात. बँकेच्या शाखेत विकलं म्हणजे बँकेची ठेव होत नाही. ५ लाखांपर्यंतचं विमासंरक्षण ठेवीला आहे, म्युच्युअल फंडाला किंवा पॉलिसीला नाही. आणि १ जानेवारी २०१३ पासून म्युच्युअल फंडात डायरेक्ट प्लॅन मिळतो, त्यात मधल्याचं कमिशन नसतं. केबिनमध्ये त्याचं नाव कोणी काढत नाही.

मांडवीकर:
दांडिया बाजारताई, बहांदरीचा मुद्दा मोलाचा आहे, पण तो माझ्याच बाजूने जातो असं मला वाटतं. हमी मिळाली की मालक मालक राहत नाही, नुकसान दुसऱ्याच्या माथी मारता येतं. कंपनीच्या हमीने हरिभक्तींचं जे झालं तेच सरकारी हमीने आजच्या मोठ्या बँकांचं होतं. बेअरिंगमध्ये १८९० साली हमी मिळाली, तरी भागीदारांच्या खासगी मालमत्ता देणी फेडायला गेल्या. तीच बेअरिंग कंपनी झाल्यावर १९९५ मध्ये सिंगापूरच्या एका सट्टेबाज कर्मचाऱ्याने ८२ कोटी पौंडांहून जास्त बुडवले आणि बँक १ पौंडाला विकली गेली.

वारसदार बायकांबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. ज्याच्या हातात चाव्या, त्याचंच घर पणाला हवं. मुनीमाचं हवं, आणि आज हवं तर त्या केबिनमागे बसून टार्गेट ठरवणाऱ्या साहेबांचं. विकलेली पॉलिसी दोन वर्षांत ग्राहकाने मोडली तर साहेबांचा बोनस परत घ्या, एवढं तरी करा.

अलकापुरी आरएम:
याला माझा पाठिंबा. फक्त बोनस साहेबांचा कापा. पहिल्यांदा कापला जातो तो आमचा.

दांडिया बाजार:
बोनस कोण परत घेणार? तोच साहेब ज्यांच्या हाताखाली आहे ते. मला बाहेरचा तपासनीस हवा. आउटरॅमला हलवलं तसं ज्याला हलवता येणार नाही, असा.