मदत हवी आहे: 7 वर्षांच्या मुलीच्या छातीत एकाच बाजूला गाठ

डाव्या स्तनाग्राखाली वाटाण्याएवढी गाठ हाताला लागते, दाबलं की दुखतं म्हणते. लाली, ताप, स्राव काही नाही. बालरोगतज्ज्ञांच्या मते ही स्तनाची कळी (स्तनाची वाढ सुरू होताना येणारी छोटी गाठ) असावी, ती आधी एकाच बाजूला येऊ शकते. सुई घालून तपासायची घाई नको, कळीला इजा झाली तर पुढे स्तनाची वाढ खुंटू शकते. हे पटलं. पण 8 वर्षांच्या आत वयात येण्याची सुरुवात म्हणजे लवकरच ना? उंचीची नोंद ठेवायला आणि हाडांचं वय (हाडं वयाच्या मानाने किती वाढलीत ते) बघायला हाताचा एक्स-रे काढायला सांगितलाय. सोनोग्राफीही आत्ताच करावी का? आणि घरी किती दिवसांनी बघायचं? सासूबाई रोज चाचपतात, त्यानंच जास्त दुखत असणार! कोणाच्या मुलीला असं झालं होतं का? हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे कधी गेलात?